रेघेपर्यंत भरलेली बाटली

माझ्या सासरच्या माणसांनी माझ्या नोकरीला शेवटपर्यंत एकच नाव दिलं होतं: ‘मूत मोजायची नोकरी’. नाव चुकीचं नव्हतं. पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि त्यातली दोन वर्षं मी खरोखरच सकाळ-संध्याकाळ लघवी मोजली. गावाचं नाव सांगत नाही. आमच्या स्टोअरकीपरचे नातेवाईक अजून तिथे राहतात आणि त्यांच्याकडे माझं येणंजाणं आहे.

या मोजणीला कारण आमचे सर्जनसाहेब. माणूस पुण्याचा, शिकायला विलायतेला गेलेला आणि तिथून दोन ट्रंका आणि एक विषय घेऊन परत आलेला. ट्रंकांत काचेची भांडी होती, बहुतेक वाटेतच फुटलेली. विषय असा, की माणूस भाजला म्हणजे त्याची कातडी जळलेली सगळ्यांना दिसते, पण आत त्याची मूत्रपिंडं बंद पडतात ते कोणाला दिसत नाही, आणि कित्येक लोक त्यापायीच जातात. विषय खरा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी साहेबांची बरीच थट्टा करणार आहे. भाजलेल्याच्या अंगातलं पाणी जखमांवाटे पाझरून जातं, मूत्रपिंडांना पाणी पुरत नाही, आणि लघवी थांबते. वेळेवर शिरेतून सलाईन दिलं तर ती पुन्हा सुरू होऊ शकते. किती द्यायचं हे लघवीवरून ठरवायचं. कमी आली तर सलाईन वाढवा, भरपूर आली तर हात आवरा. साहेबांना याचा आलेख काढायचा होता आणि नागपूरला डॉक्टरांच्या सभेत तो वाचून दाखवायचा होता.

एवढा शिकलेला माणूस आमच्या जंगलात कसा आला, याची दोन उत्तरं होती. साहेब म्हणत, इथे केसेस भरपूर. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, म्हणत की पुण्यात ते कोणालाच नको होते.

केसेस मात्र खरंच भरपूर होत्या. आमच्याकडे होळीच्या आगेमागे मोह फुलतो. फुलं पहाटे टपटप पडतात, ती पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी करून घेतात. वारा फिरला की एखाद्या बाईचं लुगडं पेट घेतं. त्या दिवसांत सगळा जिल्हा आगीपासून राखण कर म्हणून देवाला नारळ कबूल करायचा, आणि आमचे साहेब खिडकीतून बाहेर बघत मला विचारायचे, “सिस्टर, यंदा मोह लवकर आहे का हो?”

प्रयोगासाठी त्यांनी पंचवीस मोजपात्रं मागितली. स्टोअरकीपरने मागणीपत्र परत पाठवलं, कारण ते तीन प्रतींत नव्हतं. तीन प्रतींत गेलं तेव्हा शेरा आला की ही वस्तू यादीत नाही. शेवटी आबकारी खात्याने पकडलेल्या मोहाच्या दारूच्या रिकाम्या बाटल्या चौकीत पडून होत्या, त्या साहेबांनी आणवल्या. सोड्याने धुवून घेतल्या आणि स्वतः मांडी घालून बसून प्रत्येक बाटलीवर रंगाने रेघा ओढल्या. खालून वर काळ्या रेघा, औंसांच्या, आणि गळ्याजवळ एक लाल रेघ. तिथपर्यंत बाटली भरली म्हणजे मूत्रपिंडं ठणठणीत. पायाला प्लास्टर घातलेला एक गोंड म्हातारा शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डात होता. तो एका बाटलीकडे बराच वेळ बघत राहिला आणि मला हळूच म्हणाला, “बाई, हे त माहीच हाये.” त्याला ती परत हवी होती.

पहिल्या दोन केसेस वाईट गेल्या. दोघी बायका लांबून, फार उशिरा आल्या आणि दुसऱ्याच दिवशी वारल्या. बाटल्यांच्या तळाशी बोटभरसुद्धा नव्हतं. साहेबांनाही वाईट वाटलं असणार, पण तोंडातून शब्द निघाले ते असे: “आलेख अर्धाच राहिला.” मला इतका संताप आला की हातातली बाटली मी आपटून ठेवली आणि ती फुटली. स्टोअरकीपरने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. जी बाटली त्याच्या यादीतच नव्हती, तिचा.

तिसरी आली ती वैनगंगेकाठच्या, मार्कंड्याच्या देवळापलीकडच्या एका ढिवरांच्या गावातून. ढिवर म्हणजे नदीतलावांत मासे धरून जगणारे लोक. वय एकोणीस-वीस. दोन्ही पाय आणि कमरेपर्यंतचा भाग भाजलेला. सागाची लाकडं नेणाऱ्या ट्रकमध्ये ओल्या लुगड्यात गुंडाळून तिला आणलं होतं. बरोबर नवरा, सासू, एक दीर आणि गावातले आणखी तिघं. पोरगी शुद्धीत होती. कण्हत नव्हती, फक्त पाणी मागत होती. सासू पाठीचा कणा ताठ असलेली काटक म्हातारी, ओठ तंबाखूने काळे पडलेले. ती मला एवढंच म्हणाली, “बाई, लेकरू हाये हिचं घरी, दुधावरचं. हिले वाचवा.”

आम्ही जखमांवर व्हॅसलिनच्या पट्ट्या लावल्या, सलाईन सुरू केलं, लघवीसाठी रबरी नळी घातली आणि तिचं टोक खाटेखालच्या बाटलीत सोडलं. पाणी तोंडाने फारसं द्यायचं नाही, ओकारी होते, असा साहेबांचा नियम होता. नातेवाइकांना समजावून सांगायचं काम माझं. तीस खाटांना मी एकटी. मूत्रपिंड काय, रक्त आटतं म्हणजे काय, हे सगळं सांगत बसायला मला वेळ कुठला? मी बाटली उचलून म्हातारीसमोर धरली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

“माय, ही बाटली इथपर्यंत भरली पाहिजे. नाही भरली तर पोरगी वाचायची नाही.”

“भरली पायजे?” तिने विचारलं.

“भरलीच पाहिजे. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा.”

म्हातारीने मान डोलावली, मागे वळून माणसांशी हलक्या आवाजात काही बोलली आणि पदर खोचला. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझं नीट ऐकून घेतलं होतं.

संध्याकाळी बाटली लाल रेघेपर्यंत भरलेली. सकाळी पुन्हा भरलेली, लाल रेघेच्या वर दोन बोटं. साहेबांना आनंदाने काय करावं सुचेना. त्यांनी आलेखावरचा ठिपका स्वतः दिला आणि तो कागद धरून वॉर्डभर फिरले. मोठ्या डॉक्टरांना दाखवला. औषधाला आलेल्या एका फॉरेस्ट रेंजरला दाखवला. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण रेघ वर चाललेली बघून त्याने साहेबांचं अभिनंदन केलं. मूत्रपिंडं इतकी छान चाललेली म्हणजे सलाईनची गरज नाही, असा हिशेब करून साहेबांनी सलाईन निम्म्यावर आणलं आणि मग बंदच केलं. सलाईनच्या बाटल्या नागपूरहून रेल्वेने येत, त्या जपून वापराव्या लागत. त्यांचं शास्त्राप्रमाणे बरोबरच होतं.

पोरगी मात्र बरी दिसत नव्हती. डोळे खोल गेलेले. नाडी बोटाखाली धाग्यासारखी पळत होती. जीभ बाहेर काढ म्हटलं तर ती टाळूला चिकटायची. मी साहेबांना सांगितलं, “सर, जीभ फार कोरडी आहे. मला हे लक्षण बरं दिसत नाही.”

ते आलेखावरून मान वर न करता म्हणाले, “जीभ फसवते, सिस्टर. बाटली खोटं बोलत नाही.”

मी पुढच्या खाटेकडे वळले. मला त्याची अजून लाज वाटते. सात वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, माझ्या डोळ्यांना दिसत होतं की हे माणूस वाळत चाललंय, आणि मी एका दारूच्या बाटलीवर विश्वास ठेवला, कारण तिच्यावर विलायतेहून आलेल्या माणसाने रेघा ओढल्या होत्या.

त्याच दुपारी मी जेवायला क्वार्टरवर निघाले आणि अर्ध्या वाटेत आठवलं, औषधांच्या कपाटाची किल्ली टेबलावरच राहिली. मागल्या अंगाने परत आले. वॉर्डाच्या मागे चिंचेखाली सगळी मंडळी जमली होती. मधोमध म्हातारी, तिच्यासमोर आमची लाल रेघेची बाटली, आणि हातात पितळी गडवा. एकेक जण गडवा घेऊन भिंतीआड जात होता आणि आणून तिच्या हातात देत होता. नवरा झाला, दीर झाला, गावातले तिघं झाले. तेवढ्यात दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, प्लास्टरचा पाय अधांतरी धरून, पुरुषांच्या वॉर्डातला तो गोंड म्हाताराही लंगडत आला. त्यालाही वाटा उचलायचा होता.

“काय चाललंय हे?” मी ओरडले.

म्हातारी अजिबात दचकली नाही. “काई नाई, बाई. जेवाची येळ झाली, म्हटलं पयले बाटली भरून टाकू.”

“कोणाची लघवी आहे ही?”

“सगळ्यायची,” ती म्हणाली. “तुमीच त सांगतलं, भरली नाई त पोरगी वाचत नाई. तिची भरूनच नाई राह्यली. मंग आमी काय पाहत बसू?”

ती मला धीर दिल्यासारखी सांगत होती. नदीवर सगळी घरं जाळी टाकतात. एखाद्याच्या जाळ्यात काहीच लागलं नाही तर बाकीचे आपापल्या वाट्यातले दोन-दोन मासे त्याच्या टोपलीत टाकतात. “आमच्यात रिती टोपली कोनाची बजाराले जात नाई, बाई. आज तिची कमी हाये, उद्या कोनाची कमी असंन.”

“आणि तिची स्वतःची?” मी विचारलं. “काहीच आली नाही?”

“आली न थोडी. वंजळीच्या तळाले बसंन एवढी.” तिने तळहात दाखवला. “पन काळी होती. मनून फेकून देल्ली.”

“फेकून दिली?”

“काळा माल साहेबाले काऊन दाखवाचा? तेंदूच्या फडीवर बिडीची पानं घेनारा मुन्शी एक फाटकं पान पायते अन् सारा पुडा फेकून देते. आमी चांगलीच देल्ली, बाई. कोनी दारू नाई पेलं दोन दिस.”

मला आधी हसू आलं. ते नाकापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. नदीवर जन्म काढलेल्या पाच धडधाकट माणसांची आणि एका गोंडाची मूत्रपिंडं साहेबांच्या आलेखावर चढत होती, आणि त्यांच्या भरवशावर आम्ही त्या पोरीचं पाणी तोडलं होतं. आणि वाक्य माझं होतं. भरली पाहिजे, असं मीच बोट ठेवून सांगितलं होतं. सरकारने अमुक भरा म्हटलं की ते भरायचं, कसंही करून भरायचं, का म्हणून विचारायचं नाही, हे या माणसांना जन्मापासून शिकवलेलं. त्यांनी सरकारचं ऐकलं होतं, आणि आपल्या माणसासाठी जीव टाकला होता. दोन्ही एकाच बाटलीत.

मी धावत साहेबांच्या खोलीत गेले. ते नागपूरचा लेख लिहीत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “अशक्य. मी स्वतः लघवीचा घट्टपणा तपासलाय. उत्तम आहे. निरोगी माणसासारखा.”

“असणारच, सर. निरोगी माणसांचीच आहे.”

पुढचं अर्धं मिनिट मला वाटलं की माझी नोकरी गेली. साहेब लाल झाले, मग पांढरे झाले, मग उठले. आम्ही रिकामी बाटली लावली आणि दोघं खाटेशेजारी स्टुलांवर बसलो. तासाभराने तळाशी चमचाभर काहीतरी जमलं, कोऱ्या काळ्या चहाच्या रंगाचं. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी त्या पोरीला म्हटलं, “बाळ, जीभ दाखव.” इतक्या वेळात त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

सलाईन हवं होतं, आत्ताच्या आत्ता. ते स्टोअरमध्ये होतं. स्टोअरला कुलूप होतं. किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर मुलाचं जावळ काढायला मार्कंड्याला गेलेला. दुसरी किल्ली मोठ्या डॉक्टरांकडे, आणि मोठे डॉक्टर जेवण होताच रेंजरच्या जीपमधून शिकारीला. शिपाई म्हणाला, उद्या दुपारपर्यंत दोघांपैकी कोणीतरी येईलच. साहेबांनी पोरीच्या नवऱ्याला हाक मारली आणि कुलपाकडे बोट दाखवलं. त्याने अंगणातला दगड उचलला. तीन घावांत कुलूप तुटलं. तेवढ्या वेळात साहेब पुण्याच्या शुद्ध मराठीत अशा काही शिव्या देत होते की मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

आत चारच बाटल्या निघाल्या. लगेच लावल्या, पण चारांनी भागणार नव्हतं आणि नागपूरची गाडी दुसऱ्या दिवशीची. साहेब कपाळाला हात लावून उभे. म्हातारी दारात उभी राहून सगळं बघत होती. ती म्हणाली, “साहेब, पेज देऊ का? मीठ टाकून? उनाचा झटका लागते तवा आमी तेच पाजतो.”

पेज म्हणजे पातळ भाताचं पाणी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. “द्या,” ते म्हणाले. “चमचा चमचा. ओकली तर थांबा, आणि मग परत द्या.”

चिंचेखाली चूल पेटली. दुपारपर्यंत जी रांग बाटली भरायला लागत होती, तीच आता उलट्या टोकाला लागली. एकाने दहा चमचे पाजायचे आणि उठायचं, मग दुसऱ्याने बसायचं. ती दोनदा ओकली. दोनदा त्यांनी तोंड पुसून पुन्हा सुरुवात केली. गोंड म्हातारा खाटेपर्यंत येऊ शकत नव्हता, तर त्याने आपल्या जेवणातलं मीठ पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर आले. बाटलीत चार बोटं लघवी होती. लाल रेघेपासून खूप खाली, पण रंगाने उजळ. मी म्हातारीकडे नुसतं पाहिलं. तिने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

“तिचीच हाये, बाई. लेकराची आन.”

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? बाटली ओतून रिकामी केली, पुन्हा लावली आणि जमिनीवर बसले. नळीच्या तोंडाशी थेंब जमला, पडला. मग दुसरा. मग तिसरा, जरा लवकर. मी तिथेच बसून पदर तोंडाला लावून रडले. लघवीचे थेंब पाहून आनंदाने रडलेली बाई माझ्या सासरच्यांना दाखवायला हवी होती.

पोरगी तीन महिने राहिली. तिचं लेकरू आणवलं, ते वॉर्डातच रांगायला शिकलं. पाय कातडी ओढून वाकडे झाले, पण ती त्याच पायांनी चालत घरी गेली. तुटलेल्या कुलपाबद्दल स्टोअरकीपरने साहेबांकडे खुलासा मागितला. साहेबांनी तो तीन प्रतींत दिला.

नागपूरच्या सभेत लेख वाचला गेला. छापील प्रत साहेबांनी मला दाखवली. पहिल्या दीड दिवसाच्या नोंदी ‘तांत्रिक कारणामुळे’ गाळल्या होत्या. ते तांत्रिक कारण त्या वेळी आमच्या व्हरांड्यात बसून तंबाखू मळत होतं. पेजेला ‘तोंडावाटे दिलेलं क्षारयुक्त द्रावण’ म्हटलं होतं. शेवटी आभार होते, ते मोठ्या डॉक्टरांचे, त्यांनी वेळोवेळी केलेल्या मार्गदर्शनाबद्दल. मी प्रत परत दिली. साहेब मान खाली घालून म्हणाले, “सिस्टर, खरं लिहिलं असतं तर सभेत हसले असते हो.” मी म्हटलं, “हसू द्यायचं होतं, सर.”

पुढच्या वर्षी पुन्हा मोह फुलला. एका सकाळी भाजलेली आणखी एक बाई आली, कुठल्यातरी आतल्या गावातून, बरोबर भेदरलेला नवरा. योगायोगाने ती म्हातारी त्या दिवशी दवाखान्यातच होती. सुनेचा पाय दाखवायला आली होती आणि माझ्यासाठी वाळवलेले मासे घेऊन आली होती. मी खाटेखाली बाटली लावली आणि उभी राहिले. आता या माणसाला काय सांगू, कोणत्या शब्दांत सांगू, मला सुचेना. त्याने लाल रेघेकडे बघून स्वतःच विचारलं, “बाई, हे कितीक भरली पायजे?”

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी मध्ये पडली.

“जेवढी येते तेवढी,” ती त्याच्या छातीवर बोट रोवून म्हणाली. “काळी आली त काळीच राहू दे. कमी आली त कमीच दाखव. वरून एक थेंब टाकशीन न, त बायको जाईन तुही. मी पायलं हाये.”

तो घाबरून दोन पावलं मागे सरकला. तासाभराने मी बाटली उचलली. तळाशी चमचाभर होतं, काळं. मी तेवढंच लिहिलं आणि सलाईन आणायला धावले.